मुदत नसलेला पट्टा

महसूल खात्यांत ज्यानें कांहीं वर्षें काढलीं आहेत, त्यास कोणताहि पट्टा हातीं आला कीं प्रथम मुदतीचें कलम पाहण्याची संवय लागते. क्षेत्र किती व आकार किती, हें मागाहून. पट्टा केव्हां संपतो, संपल्यावर जमीन कोणत्या स्थितींत परत करावयाची, आणि मध्यंतरीं नुकसान झाल्यास तें कोणीं भरून द्यावयाचें, हें आधीं पाहावें लागतें. नैसर्गिक वायूचा वापर बंद करावा किंवा कसें, याविषयीं जगांत सध्यां जो विचार चालला आहे, तो वाचतांना मला हेंच कलम वारंवार आठवतें. घरोघर व कारखान्यांत वायु आणतांना त्याची मुदत कोणीं लिहून ठेवली नाहीं. आतां तो काढावयाचा म्हटल्यावर त्याचा भार कोणाच्या माथीं, यावर वाद लागला आहे.

हा विषय शहरांतल्या लोकांचा, त्याशीं आपणांस काय कर्तव्य, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु आपण शेतांत युरियाची गोणी फोडतों, ती बव्हंशीं नैसर्गिक वायूपासूनच झालेली असते. तेव्हां वायूचा निकाल जसा लागेल, तसा आपल्या खताचाहि लागणार. म्हणून एका देशानें हा पट्टा कसा केला व तो सोडवितांना त्याची काय दशा झाली, तें आधीं सांगतों. आपल्यास काय घेण्याजोगें आहे, तें शेवटीं पाहूं.

वायु सोडावयाचा कशासाठीं, हें दोन शब्दांत सांगणें अवश्य आहे. वीज करण्यासाठीं कोळशाऐवजीं वायु जाळला, तर हवेंत जाणारा कार्बन डायऑक्साइड सुमारें निम्म्यावर येतो, हें खरें. परंतु निम्मा म्हणजे शून्य नव्हे. शिवाय नैसर्गिक वायु हा मुख्यतः मिथेन होय. तो विहिरींतून अथवा नळांतून न जळतां गळाला, तर पहिल्या वीस वर्षांच्या हिशेबानें त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें ऐंशी पट भरते. हवा तापली कीं ती अधिक बाष्प धरते, व तें बाष्प एकदम कोसळलें म्हणजे उभें पीक जातें. याचा अनुभव आपणांपैकीं ज्यांस नाहीं, असे सभासद थोडेच असतील. वायु सोडणें इष्ट आहे, याविषयीं माझ्या मनांत संशय नाहीं. माझें म्हणणें तो सोडण्याच्या रीतीविषयीं आहे.

नेदरलंड्स, ज्यास आपण अजून हॉलंड म्हणतों, तो देश महाराष्ट्राच्या सुमारें सातव्या हिश्श्याएवढा आहे. त्याच्या उत्तरेस ग्रोनिंगन नांवाचा शेतकऱ्यांचा प्रांत आहे. तेथें स्लोख्तेरन गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या जमिनींत १९५९ सालीं वायूचा साठा लागला. पुढें मोजदाद होतां होतां तो सुमारें २,८०० अब्ज घनमीटर भरला. युरोपांतील तो सर्वांत मोठ्या साठ्यांपैकीं एक ठरला. १९६३ मध्यें वायु काढण्यास आरंभ झाला. सरकार व शेल आणि एसो या तेल-कंपन्या यांनीं मिळून हें काम हातीं घेतलें. लवकरच अणुशक्तीची वीज इतकी स्वस्त होईल कीं वायूस गिऱ्हाईक उरणार नाहीं, अशी त्या काळीं समजूत होती. म्हणून जितका लवकर विकतां येईल तितका विकावा, असें धोरण ठरलें. दहाएक वर्षांत देशांतील बहुतेक घरांस नळ जोडून झाले. घरोघर कामगार जाऊन चुलींचे व शेगड्यांचे बर्नर बदलीत. या कामांत त्या लोकांनीं दाखविलेली शिस्त वाखाणण्यासारखीच होती.

त्याच वेळीं दुसरी एक गोष्ट घडली, ती फारशी सांगितली जात नाहीं. वायु आल्यामुळें देशाच्या दक्षिणेस लिंबर्ग प्रांतांतील कोळशाच्या खाणी तोट्यांत गेल्या. डिसेंबर १९६५ मध्यें अर्थव्यवहार मंत्री योप डेन आउल यांनीं हेर्लेन शहरीं खाण-कामगारांपुढें उभें राहून खाणी बंद होणार, हें जाहीर केलें. पर्यायी काम मिळाल्यावांचून कोणास घरीं बसवूं नये, असें धोरण त्याबरोबरच सांगितलें. शेवटची खाण १९७४ अखेर बंद झाली. सरकारी खाण-कंपनी रसायनांच्या धंद्यांत शिरली, आणि सरकारी सांख्यिकी कार्यालयासारख्या कांहीं कचेऱ्या हेर्लेन येथें नेण्यांत आल्या. तरीहि हजारों कुटुंबांस पूर्वीसारखें काम लाभलें नाहीं व तो प्रांत पुष्कळ वर्षें मागें राहिला. एवढें असूनहि येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कोळशाचा पट्टा सोडवितांना सुमारें नऊ वर्षांची मुदत होती व कोणत्या तरी पर्यायाचें वचन होतें. वायूच्या पट्ट्यांत मात्र यांपैकीं कांहींच लिहिलें गेलें नाहीं.

जमिनीखालचा वायु काढला म्हणजे खडकांतील दाब कमी होतो व थर दबूं लागतो. ग्रोनिंगनमधील जमीन मध्यभागीं एक फुटाहून अधिक खचली. तो मुलूख समुद्रसपाटीच्या लगतचा. पाण्याची पातळी तेथें बोटाबोटानें सांभाळतात. जमीन खचल्यावर पंप, बंधारे व चर यांची फेरमांडणी करावी लागली. यासाठीं येणारा वाढीव खर्च वायु काढणाऱ्या कंपनीनें द्यावा, असा करार प्रांताशीं १९८३ मध्यें झाला. पाण्यापुरता हा निवाडा बरा झाला म्हणावा. परंतु १९८६ पासून त्या भागांत लहान लहान भूकंप जाणवूं लागले, आणि त्यांचा वायूशीं संबंध आहे हें कबूल होण्यासच वर्षें गेलीं. १६ ऑगस्ट २०१२ रोजीं हाउझिंगे गांवाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आंकडा लहान दिसतो, पण हे धक्के सुमारें तीन किलोमीटर खोलीवर, म्हणजे अगदीं वरच्या थरांत होतात, व तेथील विटांचीं घरें व जुने गोठे भूकंप गृहीत धरून बांधलेले नाहींत. भिंतींस तडे गेले. खाणींवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानें जानेवारी २०१३ मध्यें उत्पादन लवकर व शक्य तितकें कमी करण्याची सूचना केली. त्याच २०१३ सालीं सुमारें ५४ अब्ज घनमीटर वायु काढण्यांत आला. आधल्या कित्येक वर्षांपेक्षां हा आंकडा मोठा होता.

यानंतर पंचनाम्यांचें प्रकरण सुरू झालें. हें प्रकरण आपणांस परकें वाटणार नाहीं. तडा भूकंपाचा, कीं पाया कच्चा म्हणून, कीं घर जुनें म्हणून, हें सिद्ध करण्याचा बोजा आरंभीं घरमालकावर होता. कंपनीचा तज्ज्ञ एक सांगे, घरमालकाचा दुसरें. भूगर्भाची सर्व माहिती ज्याच्या दप्तरीं आहे, त्यास पुरावा विचारावयाचा नाहीं, आणि ज्याच्याकडे तडकलेल्या भिंतीवांचून कांहींच नाहीं, त्यास विचारावयाचा, हा न्याय उलटा होय. तो २०१६ च्या अखेरीस कायद्यानें सुलट करण्यांत आला. त्या टापूंतील तसें नुकसान वायूमुळेंच झालें असें धरून चालावें व नसल्यास तें दुसऱ्या पक्षानें सिद्ध करावें, असें ठरलें. जुलै २०२० पासून कंपनीच्या हाताबाहेरची स्वतंत्र सरकारी संस्था भरपाईचें काम पाहूं लागली. फेब्रुवारी २०२३ मध्यें संसदेच्या चौकशी समितीनें आपला अहवाल दिला. त्यांत ग्रोनिंगनकरांचें हित वर्षानुवर्षें दुर्लक्षिलें गेलें व देश त्यांचें देणें लागतो, असा स्पष्ट निष्कर्ष आहे. सहा दशकांत सरकारास या वायूपासून सुमारें ३६० अब्ज युरो मिळाले व कंपन्यांस सुमारें ६५ अब्ज. एवढी रक्कम ज्या जमिनीनें दिली, त्या जमिनीवरील माणसास आपल्या घराच्या भिंतीसाठीं कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.

माझ्या नोकरीच्या काळांत एका पाटाच्या कामासाठीं गेलेल्या जमिनींचे मोबदले वांटण्याचें काम मीं पाहिलें आहे. पैसा मंजूर होता व कायदाहि होता. परंतु रक्कम हातीं पडेपर्यंत कित्येक मूळ खातेदार वारले आणि आम्हांस आधीं वारसांच्या नोंदी कराव्या लागल्या. उशिरां मिळालेला न्याय वारसास मिळतो, ज्याचें नुकसान झालें त्यास नव्हे. ग्रोनिंगनची हकीगत वाचतांना हीच गोष्ट मनांत येते.

मार्च २०१८ मध्यें डच सरकारनें ग्रोनिंगनचें उत्पादन २०३० पर्यंत पूर्ण थांबविण्याचें ठरविलें. प्रत्यक्षांत १ ऑक्टोबर २०२३ रोजींच तें बंद झालें व एप्रिल २०२४ मध्यें कायदा होऊन विहिरी कायमच्या बुजविण्याचें ठरलें. सुमारें ४५० अब्ज घनमीटर वायु जमिनींत सोडून देण्याचा हा निर्णय धैर्याचा होता, यांत शंका नाहीं. परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. विहीर बंद झाली, चूल बंद झाली नाहीं. नॉर्वेहून नळानें व अमेरिकेहून जहाजानें वायु येतच राहिला. ग्रोनिंगनच्या वायूंत नायट्रोजन अधिक असल्यामुळें तेथील शेगड्या त्या बेताच्या. म्हणून बाहेरच्या वायूंत नायट्रोजन मिसळण्यासाठीं मोठा कारखाना बांधावा लागला. उत्पादन थांबविणें म्हणजे वापर थांबविणें नव्हे, हा हिशेब पुष्कळ जण विसरतात.

वापर थांबविण्याचें काम अधिक कठीण निघालें. १ जुलै २०१८ पासून नव्या घरांस वायूचा नळ सामान्यतः द्यावयाचा नाहीं, असा कायदा झाला. हा नियम सोपा व उत्तम. कारण जें अद्याप बांधलें नाहीं, त्याचा पट्टा सोडविण्याचा प्रश्नच येत नाहीं. जुन्या घरांसाठीं २०१९ च्या हवामान-करारांत २०३० पर्यंत १५ लाख घरें वायुमुक्त करावयाचीं, असें लिहिलें, व कोणत्या वस्तीस कोणत्या क्रमानें काय पर्याय द्यावयाचा, याचा आराखडा करण्याचें काम नगरपालिकांवर सोंपविलें. येथपर्यंत रीत बरोबर होती. वस्तीवार पाहणी केल्यावांचून असें काम होत नाहीं. कोठें जमिनींतील ऊन पाण्याचा उपयोग होतो, कोठें कारखान्याची वायां जाणारी उष्णता नळानें घरोघर नेतां येते, कोठें विजेवर चालणारा उष्णता-पंप बसवावा लागतो.

पुढें मात्र काम रेंगाळलें. २०२६ पासून जुनी शेगडी बदलतांना उष्णता-पंप घ्यावाच लागेल, असा नियम २०२२ मध्यें जाहीर झाला व सरकार बदलल्यावर २०२४ मध्यें तो मागें घेण्यांत आला. सरकारच्या शब्दावर विश्वासून ज्या कारागिरांनीं माणसें शिकविलीं व ज्या कारखानदारांनीं यंत्रें वाढविलीं, ते फसले. जे स्वस्थ बसले, ते शहाणे ठरले. असा धडा एकदां मिळाल्यावर पुढच्या हुकुमावर कोण विश्वास ठेवील? दुसरी अडचण तारांची. वायूचें काम विजेवर आणावयाचें, तर तारा व रोहित्रें त्या बेताचीं हवींत. तीं आधीं न वाढविल्यामुळें हजारों उद्योग वीज-जोडणीसाठीं रांगेंत उभे आहेत.

त्या देशांतील हरितगृहांची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. टोमॅटो, ढोबळी मिरची व फुलें काचेखालीं पिकविणारे तेथील बागाईतदार वायूवर इंजिनें चालवितात. त्यांतून उष्णता मिळते व वीजहि मिळते, आणि धुरांतील कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून झाडांस दिला जातो, त्यानें पीक वाढतें. एका वायूपासून तीन कामें होतात. २०२२ मध्यें रशियाच्या युक्रेनवरील स्वारीनंतर वायूचा भाव अतोनात चढला, तेव्हां हिवाळ्यांत कित्येक हरितगृहें रिकामीं ठेवावीं लागलीं. ज्यांनीं २००७ नंतर खोल विहिरी खणून जमिनींतील उष्णता वापरण्यास आरंभ केला होता, त्यांस ती झळ पुष्कळ कमी लागली. तथापि तशा विहिरीचा खर्च एकट्यादुकट्याच्या आवांक्यांतला नव्हे. शेजारीं शेजारीं असलेले अनेक बागाईतदार मिळूनच तो पेलतात. पर्याय आधींपासून हाताशीं असला, तर भाव चढल्यावर माणूस तरतो. भाव चढल्यानंतर जो पर्याय शोधतो, त्याचा तो हंगाम गेलेला असतो.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या देशांत पट्टा नुकता होतो आहे. एकूण ऊर्जेंत नैसर्गिक वायूचा वाटा सुमारें ६ टक्के आहे व तो २०३० पर्यंत १५ टक्के करावा, असें सरकारचें जाहीर उद्दिष्ट आहे. शहरोशहरीं नळ पडत आहेत. लागणाऱ्या वायूपैकीं जवळजवळ निम्मा परदेशांतून येतो. खत-कारखाने हे त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकीं एक; आपल्या राज्यांतील ट्रॉम्बे व थळ येथील युरिया वायूवरच होतो. ४५ किलोंची गोणी आपणांस २६६ रुपये ५० पैशांस मिळते, म्हणून जगांतील वायूचा भाव आपल्या दारापर्यंत येत नाहीं. तो मध्येंच सरकारी तिजोरींत अडतो. तिजोरी जोंवर भार घेते, तोंवर ठीक. पण दुसऱ्याच्या खांद्यावरचें ओझें आपलें नव्हेच, असें समजणें शहाणपणाचें नाहीं.

वायूऐवजीं पाण्यापासून विजेनें हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया करावा, यासाठीं जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजना मंजूर केली. तींत २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टन हायड्रोजनचें उद्दिष्ट ठेविलें आहे. पुढें खत-कारखान्यांसाठीं अशा अमोनियाचे लिलांवहि झाले. हें स्तुत्य आहे. तथापि एक बारकावा शेतकऱ्यानें समजून घ्यावा. डीएपीसारख्या खतांस केवळ अमोनिया पुरतो, म्हणून तेथें हा बदल सुलभ आहे. युरियांत नत्राबरोबर कार्बनहि लागतो, व तो आज त्याच नैसर्गिक वायूंतून मिळतो. म्हणजे वायु काढून घेतला, तर युरियास कार्बन दुसरीकडून आणावा लागेल, अथवा शेतकऱ्यास युरिया सोडून दुसरें नत्रखत वापरावें लागेल. यांपैकीं काय घडणार, केव्हां घडणार व त्या खताचा भाव काय राहणार, हें आज आपणांस विचारण्याचा हक्क आहे. वीस वर्षांनंतर विचारणें म्हणजे ग्रोनिंगनकरांप्रमाणें तडा दाखवीत फिरणें होय.

कांहीं म्हणतील, जगाची हवा श्रीमंत देशांनीं बिघडविली. आपण कां सोडावें? या म्हणण्यांत न्याय आहे, व आपल्या देशास अधिक सवड मिळावी हें मलाहि मान्य आहे. पण सवड ही तयारीसाठीं असते. पट्ट्याची मुदत वीस वर्षांची ठेवा कीं तीस वर्षांची, ती लिहा एवढेंच मागणें आहे. दुसरे म्हणतील, सरकार पाहून घेईल. डच सरकार कांहीं दुबळें किंवा अडाणी नव्हतें. वायु आणतांना त्यानें दहा वर्षांत देशभर नळ नेले. तरीहि जाण्याची नोंद नसल्यामुळें त्याचे हात बांधले गेले.

म्हणून माझी सूचना अशी कीं, वायूवर चालणारी कोणतीहि नवी योजना येईल, मग तो नळ असो, कारखाना असो कीं खताचें धोरण असो, तिच्या कागदावर चार रकाने असावेत. पहिल्यांत मुदत, म्हणजे हा वापर कोणत्या सालापर्यंत. दुसऱ्यांत पर्याय, आणि तो मुदतीपूर्वीं किती वर्षें हातीं येणार तें. तिसऱ्यांत खर्च कोणाचा, व लहान खातेदाराचा वाटा कोण उचलणार. चौथ्यांत दाद कोठें मागावयाची, व पुरावा कोणीं द्यावयाचा. चारहि रकाने भरले असतील, तर ती योजना. एरवी तो नुसता हुकूम, आणि हुकूम सरकार बदललें कीं फिरतो.

आपल्या बाजूनेंहि कांहीं करण्यासारखें आहे, व त्यास कोणाच्या हुकुमाची वाट पाहणें नको. युरियाच्या गोणींत सुमारें वीस किलो नत्र असतें. त्यांतील निम्म्याहून कमी भाग सामान्यतः पिकास लागतो, बाकीचा हवेंत उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. माती तपासून, हप्ते पाडून व मातीआड करून खत दिलें, शेणखत व द्विदल पिकें यांची जोड ठेविली, तर आपली वायूवरील भिस्त तेवढी कमी होते. कर्ज फेडण्याचा पहिला उपाय, तें अधिक न वाढविणें हा आहे.

मंडळाच्या येत्या वार्षिक सभेंत खताच्या पुढील धोरणाविषयीं या चार रकान्यांचा ठराव मांडावा व तो शेतकी खात्याकडे लेखी पाठवावा, अशी माझी सभासदांस विनंति आहे. ठरावानें सर्व होईल, असें मी म्हणत नाहीं. परंतु लेखी मागणी दप्तरांत राहते, आणि पुढें आपले मुलगे खातेदार होतील, तेव्हां मुदतीचें कलम कोणीं तरी वेळेवर विचारलें होतें, एवढें तरी त्यांस तेथें सांपडेल.